एक तास पन्नास मिनिटं

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की आमच्याकडे दोन गोष्टी बंद होतात, केरसुणी आणि आईचं जेवण. केरसुणीचं एक वेळ ठीक आहे. गेलेल्याच्या पाठीमागे लगेच घर झाडू नये हे आमच्या भागात बहुतेक घरांतून पाळतात, आणि दोन-चार तास केर पडून राहिला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. जेवणाचा नियम मात्र आईचा स्वतःचा. पोचल्याचा फोन आल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. चहा नाही, गुळाचा खडा नाही. पाणी तेवढं पिते, तेही आपण फार आग्रह केला तर.

या नियमाला कारण आहे, आणि मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ते मला माहीत आहे.

ओझरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत आमचा मळा आहे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, झेंडू आणि शेवंती लावायचे आणि टेम्पो भरून दादरच्या फुलबाजारात न्यायचे. दुपारी निघायचे, दिवेलागणीनंतर पोचायचे आणि काकांच्या घरी फोन करायचे. काकांचं घर त्याच मळ्यात, आमच्या दारापासून साठ पावलांवर. फोन तेव्हा त्यांच्याकडेच होता. आई काकूच्या ओसरीवर बसून वाट बघायची आणि अण्णांचा टेम्पो मनातल्या मनात हाकायची. “आता विल्होळी गेली. आता घोटी. इगतपुरीला चहा घेतला असंल.” कसाऱ्याचा घाट आला की ती गप्प व्हायची. घाट उतरायला लागतील तेवढी मिनिटं गप्प राहायची आणि मग म्हणायची, “उतरले.” शहापूरपासून पुढे ती पुन्हा बोलायला लागायची.

त्या दिवशी तिला तापातून उठून जेमतेम दोन दिवस झाले होते. काकूनं तिच्यापुढे ताट ठेवलं. गरम भाकरी, पिठलं. “खा गं बाई, फोन येईलच आता,” म्हणाली. आईनं अर्धी भाकरी खाल्ली. हात ताटातच होता तेव्हा फोन वाजला, आणि तो दादरहून नव्हता. कसाऱ्याच्या घाटातल्या चहाच्या टपरीवाल्यानं अण्णांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला होता.

आईनं काकूला कधी एक शब्द विचारला नाही, दोष दिला नाही. पण त्या दिवसानंतर काकूच्या घरचं पाणीसुद्धा ती प्यायली नाही. लग्नकार्यात, हळदीकुंकवात दोघी समोरासमोर आल्या तर “बरं हाय का?” “बरं हाय,” एवढंच. साठ पावलांचं अंतर, वीस-बावीस वर्षांत ते काही कमी झालं नाही.

पुढे मला बंगळूरला नोकरी लागली. रेल्वेनं किंवा स्लीपर बसनं जायचं म्हणजे वीस तासांच्या वरचा हिशोब. तेवढे तास आई उपाशी. मी ओरडायचे, भांडायचे, एकदा तर ‘पोचले’ म्हणून सोलापूरच्या अलीकडूनच फोन केला. तिनं विचारलं, “मागं भोंगा कशाचा वाजून राहिला?” आणि मी पकडली गेले. मग पुढचे तीन महिने माझा खरा फोनही तिला खरा वाटेना. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. काहीही झालं तरी ‘पोचले’ खोटं म्हणायचं नाही.

त्यात आईला साखर निघाली. आधी गोळ्या होत्या, गेल्या वर्षापासून दोन वेळा इन्सुलिनची सुई. डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला बजावलं, “सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. नाहीतर साखर एकदम खाली येईल, आणि मग भलतंच होऊन बसेल.” आईनं मान डोलावली. तिला मान डोलवायला कधीच काही वाटत नाही.

म्हणून ओझरहून बंगळूरला थेट विमान सुरू झालं तेव्हा लोक व्यापाराचं, पर्यटनाचं बोलत होते, आणि मला आनंद झाला तो वेगळाच. आईचा उपास वीस तासांवरून दोन तासांच्या आत आला होता! मी तिला तिकीट दाखवलं. रस्त्यानं हजारावर किलोमीटर, हवेतून नऊशेही नाहीत. वेळ, एक तास पन्नास मिनिटं.

तिनं तिकिटाकडे न बघता विचारलं, “मधी काय काय लागतं?”

“काही नाही लागत. ढग लागतात.”

ती हसली नाही. “गावंच नाहीत?”

“खाली असतात की. पण आपल्याला काय त्यांचं?”

“आन वाटेत काय झालं तर धावून येणार कोण मग?”

टपरीवाला धावून आला म्हणून अण्णा रस्त्यात तसेच पडून राहिले नाहीत, हे तिच्या मनात होतं, माझ्याही. म्हणून मी तिला गावांऐवजी आकडा दिला. एक तास पन्नास मिनिटं. निघताना तोच सांगायचा, आदल्या दिवशी तोच, फोनवर तोच. हळूहळू तिला तो पाठ झाला. पुढे आम्ही तहही केला. घरी जाऊन कुलूप उघडणं म्हणजे पोचणं नाही, विमानाची चाकं टेकली की पोचले. चार-पाच खेपा सगळं सुरळीत झालं, आणि मी शेफारले.

गेल्या मे महिन्यात मला सकाळचं तिकीट मिळालं नाही. संध्याकाळचं होतं, चार पंचावन्नला निघून पावणेसातला पोचणारं. आईची संध्याकाळची सुई साडेसहाची, जेवण सातला. इथे मी अक्कल पाजळली. मीच तिला मांडून दिलं, “तू साडेसहाला नेहमीसारखी सुई घे. पावणेसातला माझी चाकं टेकतील. मी लगेच फोन करीन. सातला ताट वाढून घे. बघ, दोन्ही नियम पाळले गेले, तुझाही आणि डॉक्टरांचाही.”

“नक्की ना पावणेसात?”

“एक तास पन्नास मिनिटं, आई. विमान काय इगतपुरीला चहाला थांबतंय का?”

यावर ती थोडी हसली. मी स्वतःला फार शहाणी समजले. एखाद्या माणसाचा जीव आपण तिकिटावरच्या छापील वेळेला बांधून टाकतो आहोत हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

विमान वेळेवर निघालं. शेजारी पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षवाले होते, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बंगळूरला कुणा खरेदीदाराला भेटायला निघालेले. त्यांनी मला चकली दिली, मुलाच्या लग्नाचं सांगितलं. मी अर्धं ऐकत होते. साडेसहा वाजले. मी घड्याळात बघितलं आणि मनात म्हटलं, आता तिनं सुई घेतली. गणपतीच्या आरतीला उशीर करील, सुईला नाही करणार.

सहा चाळीसला पायलटचा आवाज आला. बंगळूरवर वादळी पाऊस आहे, उतरायला परवानगी नाही, आपण थोडा वेळ वरच फिरत राहणार आहोत.

थोडा वेळ म्हणजे किती? विमानानं एका अंगावर कलून वळण घेतलं. खिडकीबाहेर काळे ढग होते आणि त्यांच्या आत मधूनच उजेड होत होता. विमान एकदा खाली बसलं, मागे कुणाचं तरी बाळ किंचाळलं. द्राक्षवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, घाबरू नका. विमान लय सेफ असतं. टेम्पोपेक्षा तर लयच.”

मला त्यांचा असा राग आला! बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांना वाटलं मी विमान पडण्याला भिते आहे. खरं सांगायचं तर पडण्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमचं स्वयंपाकघर होतं. ओट्यावर झाकलेली भाकरी, वाटीत वरण, भिंतीवरचं घड्याळ, आणि त्या घड्याळाखाली पाटावर बसलेली आई, मोबाइल मांडीवर ठेवून.

सात वाजले. आम्ही गोल फिरतच होतो. मी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं. ती स्वतःच पट्टा बांधून बसली होती. दोनदा दाबल्यावर तिनं लांबूनच हात केला. मी मोठ्यानं म्हटलं, मला खाली एक फोन करायचा आहे, तातडीचा. “सॉरी मॅम, अभी पॉसिबल नहीं है.” मी हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. माझ्या आईनं इन्सुलिन घेतलंय आणि मी उतरल्याशिवाय ती जेवणार नाही. कुठल्याच भाषेत ते शहाण्या माणसाचं बोलणं वाटेना. तिनं हातोहात माझ्यापर्यंत पाण्याची बाटली पाठवली.

सात वाजून दहा मिनिटं. शेवटचं तिनं कधी खाल्लं होतं? दुपारी बाराला, माझ्याबरोबर. त्यानंतर मी निघाल्यावर ती नक्की शेवंतीत निंदायला गेली असणार. मोकळं बसवतच नाही तिला. म्हणजे पोट रिकामं, अंगमेहनत झालेली, आणि वर सुई. मी घाबरून बोटांवर मिनिटं मोजत होते. चाळीस झाली. अशा वेळी माणसाला काय काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाम, थरथर, मग बरळणं, मग शुद्ध हरपते. घरात दुसरं कुणी नाही. म्हणजे होती फक्त काकू, काका गेल्यापासून एकटी, साठ पावलांवर, आणि तिच्याकडे आई मेली तरी जाणार नव्हती. हा शब्द मनात आला आणि मला रडूच फुटलं.

द्राक्षवाले गडबडले. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला. “ओ ताई, आपण सगळेच हाय ना संगं.”

सव्वासातला पायलट पुन्हा बोलला. इंधनाचा विचार करता आपण आता चेन्नईला जातो आहोत. आणखी पाऊण तास तरी. पुढच्या-मागच्या रांगांतून एकदम बोलणी सुरू झाली, कुणाची मीटिंग, कुणाची गाडी. मी मान खाली घालून बसले. आईला सवय होती गावं मोजायची, ती मलाही लागली असती तर निदान काहीतरी हातात राहिलं असतं. खाली एकही गाव नव्हतं. मी मनात आमच्याच मळ्यात चालत होते. काकूच्या ओसरीपासून आमच्या दारापर्यंत साठ पावलं. मी ती सारखी मोजत होते. जा ना काकू, जा. काही कारण काढ. विरजण मागायला जा.

वाटेतही विमान फार हललं. एकदा तर वरच्या कप्प्याचं झाकण उघडून कुणाची पिशवी खाली आली. लोकांनी देवाची नावं घेतली. मीही घेतलं, पण माझ्यासाठी नाही.

आठ वाजून आठ मिनिटांनी चेन्नईला चाकं टेकली. मी फोन आधीच हातात धरला होता. रेंज यायला दोन-तीन मिनिटं लागली असतील, मला ती आयुष्याएवढी वाटली. मग पडद्यावर एकेक दिसायला लागलं. आईचे चुकलेले फोन. सहा एकावन्न. सहा पंचावन्न. सात. सात पाच. सात नऊ. सात चौदा. सात बावीस. त्यानंतर एकही नाही.

त्या सात फोनांनी मला जेवढं घाबरवलं नाही तेवढं सात बावीसनंतरच्या शांततेनं घाबरवलं. मी तिला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकूचा नंबर माझ्याकडे वर्षानुवर्षं नुसता साठवलेला होता, कधी लावलेला नव्हता. तो शोधायला द्राक्षवाल्यांनी मदत केली.

दुसऱ्याच घंटीला काकूनं उचलला. पण बोलली अगदी हळू. “आधी सांग, तू पोचली का खरंच?”

“काकू, आई? आई कशीये?”

“हाय, हाय. बरी हाय. तू सांग.”

“मी चेन्नईत आहे. बंगळूरला उतरू दिलं नाही.”

“मंग तिला सांगू नको,” काकू म्हणाली. “मी सांगितलंय तिला, पोरगी पोचली म्हणून. तिचा फोनबी मीच आवाज बंद करून लपवलाय.”

मग दाराबाहेर येऊन तिनं सांगितलं. अंधार पडला तरी आमच्या दारातला दिवा लागला नाही हे तिला तिच्या ओसरीवरून दिसत होतं. आई दिवा लावायची कधी चुकत नाही. थोडा वेळ काकू तशीच बसली, कारण जायचं कसं, काय म्हणून जायचं? मग न राहवून आली. आई घड्याळाखाली भिंतीला टेकून बसलेली, पदर घामानं भिजलेला, काहीबाही बोलत होती. कसारा, कसारा म्हणत होती. काकूच्या भावाला साखर आहे, तिनं ओळखलं. तिनं साखरेचं पाणी केलं आणि ओठाला लावलं. तर आईनं दात घट्ट मिटले. तेवढी शुद्ध होती तिला. “पोरगी पोचली नाय,” म्हणाली, “तू मला पुन्हा खायला घालू नको.”

“लय भ्याले गं मी,” काकू म्हणाली. “पाजलं आन तुझं काय झालं असतं तर पुन्हा माझ्यावरच आलं असतं. न पाजावं तर ती समोर चाललेली.” म्हणून तिनं आपला बंद फोन कानाला लावला आणि मोठ्यानं बोलली, “हां बोल गं. पोचली? बरं झालं बाई. आईला सांगते.” आणि आईला म्हणाली, “पोचली बघ. म्हणते, आईला साखर द्या.” तेव्हा कुठे आईनं तोंड उघडलं. पावणेआठ झाले होते.

पावणेआठला आम्ही चेन्नईच्या वाटेवर होतो. ढगात.

“दे इकडं,” मागून आईचा आवाज आला. बारीक, पण तिचाच. काकूनं फोन दिला असावा. “पोचलीस ना गं? बंगळूरला पाऊस हाय का?”

काकूनं सांगितलं होतं तसं मला करता आलं असतं. हो म्हणायचं, संपलं. पण दीड तास पोटात धरलेली भीती बाहेर आली ती रागाच्या रूपानं. मी विमानात उभी राहून सगळ्यांसमोर ओरडले, “नाही पोचले! अजून पोचलेच नाहीये मी! मी चेन्नईत आहे. तू साखर प्यायलीस ना, तेव्हा मी हवेत होते. विमान हेलकावे खात होतं. तुला काय वाटलं, तू दात मिटून बसलीस म्हणून विमान वर राहिलं? मेली असतीस आज! आणि मी पोचून कुणाला फोन केला असता?”

बोलून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं पुन्हा काही झालं.

“आई?”

“मी प्याले तवा तू वरतीच होती?”

“हो.”

“हलत होतं?”

“खूप.”

“आन काय झालं नाय तुला.”

“नाही. काही झालं नाही.”

ती बराच वेळ गप्प होती. घाट उतरायला लागायची तेवढी मिनिटं. मग म्हणाली, “मंग तुझ्या अण्णांचंबी… मी भाकरी खाल्ली म्हणून नव्हतं ते.”

हे वाक्य तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, आणि कुणीही कधी तिला सांगितलं नव्हतं, मी धरून. मी म्हटलं, “नाही आई. नव्हतं.” ते मी दोनदा म्हटलं.

मग तिनं फोन तोंडापासून दूर केला असावा, कारण पुढचं ती मला बोलली नाही. “ऐकलं का गं,” ती काकूला म्हणत होती. “पोरगी हवेत होती म्हणं.” काकू काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. काही म्हणाली नसेलही. पण कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, कुणाचा ते मी सांगू शकणार नाही.

एवढ्यात घोषणा झाली. बंगळूरचं आकाश मोकळं झालं आहे, इंधन भरून आपण परत निघणार आहोत, कृपया जागेवर बसा. आईनंही ती घोषणा ऐकली असावी.

“आता परत उडणार?”

“हो.”

“किती वेळ लागंल?”

आकडा माझ्या जिभेवर आला होता. पन्नास मिनिटं, मी बघितलंही होतं. तो मी गिळला. “माहीत नाही आई. पोचेन तेव्हा पोचेन.”

वीस वर्षांची सवय आहे, ती आता पाणीसुद्धा खाली ठेवणार असं वाटून मी डोळे मिटले. पलीकडे भांड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज झाला, आणि पाट सरकवल्याचा. एक नाही, दोन.

“बरं,” आई म्हणाली. “तू ये सावकाश. आम्ही दोघी जेवून घेतो.”